तेल कुठून कुठं जातं ते लिही

पोरी, काल रात्री तू फोनवर तो अहवाल वाचून दाखवत होतीस तेव्हा तुझा आवाज बसला होता. पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल. पहिल्याच तक्त्यात नावीन्यासमोर 'नाही', कल्पकतेच्या पायरीसमोरही 'नाही'. तुला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. काहीही गेलेलं नाही. हा नकार नव्हे. परीक्षकाने तुझा कागद वाचला, जगभरचे जुने कागद धुंडाळले आणि तुला विचारलं की यात नि त्यात फरक काय तो सांग. पहिल्याच फेरीत हरकतीशिवाय सुटलेला अर्ज मी तरी पाहिलेला नाही.

चौतीस वर्षं मी शॉकअपच्या टेस्ट बेंचवर काढली. त्यातली शेवटची काही वर्षं पेटंटचे कागद तयार करणाऱ्यांच्या शेजारी बसून गेली. तेव्हा जे कळलं ते तुला सांगतो. कायद्याची कलमं तुझा एजंट तुला सांगेल, पण तुझ्या शॉकअपच्या व्हॉल्व्हच्या आत काय होतं ते त्याला तुलाच सांगावं लागेल.

सगळ्यात आधी तारीख. अहवाल ज्या दिवशी कार्यालयातून निघाला त्या दिवसापासून उत्तराला ६ महिने मिळतात. तू ज्या दिवशी ईमेल उघडलीस तो दिवस मोजायचा नाही. गॅरेजातल्या कालनिर्णयावर त्या तारखेला लाल गोल कर, आणि त्याच्या महिनाभर आधीच्या तारखेला दुसरा. वेळ कमी पडलाच तर ३ महिन्यांची वाढ मागता येते, पण ती ६ महिने संपायच्या आत मागावी लागते. मुदत उलटली आणि उत्तर गेलं नाही, तर पेटंट कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे अर्ज तू सोडून दिलास असं धरतात. चांगल्या चांगल्या कल्पना अशा नुसत्या गप्प बसण्यानं मेलेल्या मी पाहिल्यात.

आता अहवाल वाचायचा कसा. हरकतींची भाषा आधी वाचू नको. ती सगळ्यांना एकाच साच्यातली येते आणि वाचून माणूस चिडतो. आधी परीक्षकाने जे जुने दस्तऐवज सांगितलेत, डी १, डी २ असे, ते उतरवून घे. त्यांच्या फक्त आकृत्या काढ, छाप, आणि रंगीत पेन्सिल घेऊन बस. तेल निळं. शॉकअप दाबला जाताना तेल कुठून कुठं जातं ते एका बाणानं, सुटताना कुठून कुठं ते दुसऱ्या बाणानं दाखव. शब्द इंग्रजी असोत, जर्मन असोत, जपानी असोत, तेलाची वाट सगळीकडे एकाच भाषेत असते. तुझ्या आकृतीवरही तसेच बाण काढ. तिन्ही कागद शेजारी ठेवलेस की जो बाण तुझ्याच कागदावर आहे नि त्या दोघांवर नाही, तिथं तुझा शोध आहे. बाकी सगळं जुनं आहे असं धरून चाल.

तू मला परवा तो बाण तोंडी सांगितलास, म्हणून मला धीर आहे. पण तोंडी सांगितलेलं परीक्षकाला ऐकू जात नाही, तेव्हा एकदा सगळं नीट मांडू.

तुझ्या शोधाचं मूळ आपल्या रस्त्यावर आहे. पहाटे वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करणारा माणूस मोटारसायकलच्या दोन बाजूंना ४० लिटरचे दोन कॅन लावून कोरेगावात येतो. नुसतं दूधच ८० किलोच्या वर, कॅनचं वजन वेगळं. डेअरीत कॅन रिकामे केले की तीच गाडी परत जाताना हलकी फूल. भरल्या गाडीला पुरेल असा शॉकअप लावला तर परतीला प्रत्येक खड्डा मणक्यात बसतो. रिकाम्या गाडीला सोसेल असा लावला तर भरली गाडी वळणावर झुलत राहते. याला हिशोब आहे. स्प्रिंग तीच ठेवून तिच्यावरचं वजन दुप्पट केलं, तर त्याच शॉकअपची झोका आवरण्याची ताकद मूळच्या सुमारे ७० टक्क्यांवर येते. हे वाक्य तुझ्या अर्जात प्रश्न म्हणून आहे का? नसेल तर उत्तरात नक्की घाल. अडचण कुणाची नि किती, हे कळल्याशिवाय परीक्षकाला उपायाची किंमत कळत नाही.

शॉकअपच्या दट्ट्यावर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते, आपण शिम म्हणतो. तेल त्या चकत्यांना वाकवून पुढं जातं आणि त्या अरुंद फटीतून रेटून जातानाच गाडीच्या उसळीची ताकद उष्णता होऊन संपते. चकत्यांच्या शेजारी एक बारीक पळवाट ठेवलेली असते. दट्ट्या हळू सरकत असताना तेल तिथूनच निसटतं, म्हणून साध्या रस्त्यावर गाडी मऊ वाटते. नळीच्या टोकाला नायट्रोजन असतो. तेल आणि वायू यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या घालण्याची युक्ती बूर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याच्या नावानं ओळखली जाते, त्यामुळे तेलाचा फेस होत नाही. इथपर्यंत सगळं साऱ्या जगाचं आहे. यातल्या कशावरही तू हक्क सांगायचा नाहीस, आणि तुझ्या क्लेममध्ये, म्हणजे दाव्यात, हे सगळं 'ज्याचं वैशिष्ट्य असं की' या शब्दांच्या अलीकडे गेलं पाहिजे.

तू काय केलंस? गाडीवर वजन पडलं की रॉड आत जास्त शिरतो, वायू दबतो, त्याचा दाब वाढतो. तो वाढलेला दाब तू एका छोट्या बाहीमागे नेलास. बाही सरकते आणि पळवाटेचं तोंड झाकत जाते. बाहीच्या कडेला तिरकी खाच आहे, त्यामुळे तोंड एकदम बंद न होता हळूहळू बंद होतं. आणि बाहीमागच्या पोकळीत तेल जातं ते एका अगदी बारीक भोकातून. खड्डा आला की वायूचा दाब क्षणभर उसळतो, पण तेवढ्या क्षणात त्या भोकातून पुरेसं तेल जात नाही, बाही जागची हलत नाही. दुधाचे कॅन मात्र तासभर गाडीवर असतात, तेव्हा दाब टिकतो आणि बाही सरकते. म्हणजे तुझ्या व्हॉल्व्हला खड्डा आणि वजन यांतला फरक कळतो. पोरी, हे फार चांगलं काम आहे. मी बेंचवर असताना हे माझ्या हातून झालं असतं तर मी मिरवलं असतं.

आता परीक्षकाच्या बाजूनं बघ. त्याच्या डी १ मध्ये वायूच्या दाबावर सरकणारी बाही आहे. डी २ मध्ये तिरकी खाच आहे. तो म्हणतो, दोन्ही एकत्र आणले की तुझा व्हॉल्व्ह झाला. तुझा पहिला क्लेम मी वाचला, आणि परीक्षकाचं बरोबर आहे. त्या क्लेममध्ये बाही आहे, खाच आहे, बारीक भोकाचा शब्दच नाही. तू भोक आकृतीत काढलंस, वर्णनात लिहिलंस, आणि हक्क सांगताना विसरलीस. क्लेममध्ये जे नाही ते परीक्षक तुझं मानत नाही, तसं मानणं त्याचं कामही नव्हे.

इथं मी तुला माझी जखम दाखवतो. फार जुनी गोष्ट आहे. आम्ही तळातल्या व्हॉल्व्हची एक बैठक बनवली होती, तिच्या काठाला किंचित उतार दिलेला. त्या उतारामुळं चकती बसताना खट्ट आवाज यायचा तो गेला. सगळा शोध त्या उतारातच होता. अर्ज लिहिताना आम्ही आवाज गेल्याचं लिहिलं, बैठक लिहिली, चकती लिहिली, आणि उतार लिहिला नाही. आकृतीतही काठ सरळच दिसत होता, कारण छोट्या चित्रात तो उतार येईना. हरकत आली तेव्हा आम्ही म्हणालो, अहो, उतार आहे ना. समोरून उत्तर आलं, कागदात कुठं आहे? कुठंच नव्हता. ५९व्या कलमाचं सांगणं सरळ आहे. दुरुस्ती करताना काही सोडून देता येतं, चूक सुधारता येते, खुलासा करता येतो, पण पहिल्या दिवशी कागदात जे नव्हतं ते आत आणता येत नाही. दुरुस्त केलेला क्लेमही आधीच्या क्लेमच्या हद्दीतच राहिला पाहिजे, तो आवळता येतो, ऐसपैस करता येत नाही. आमचा अर्ज तिथंच संपला. तो व्हॉल्व्ह बनवणारा मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता, त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

तुझं तसं झालेलं नाही. तुझ्या वर्णनाच्या सातव्या पानावर एक ओळ आहे, की हे भोक लहान असल्यामुळं खड्ड्यातून जाताना बाही हलत नाही. ही ओळ तू कायद्यासाठी लिहिली नव्हतीस, दाजी मिस्त्रींनी गाडी चालवून बघितल्यावर जे सांगितलं ते तू तसंच उतरवलंस. तीच ओळ आता तुझा आधार. ती ओळ आणि आकृती यांच्या बळावर भोक पहिल्या क्लेममध्ये आण. उत्तरात पान आणि ओळ यांचा आकडा देऊन लिही, की ही दुरुस्ती मूळ अर्जातच उघड केलेली आहे.

भोकाचा व्यास मात्र तू लिहिलेला नाहीस. 'बारीक' एवढाच शब्द आहे. आता तो आकडा क्लेममध्ये घालायला जाऊ नको, ती नवी भर ठरेल. भोकाचं काम काय ते लिही, की खड्ड्याच्या क्षणिक दाबानं बाही हलू नये आणि टिकून राहिलेल्या वजनाच्या दाबानं सरकावी इतकी ती वाट अरुंद आहे. पुढच्या अर्जात मात्र प्रत्येक भोकाला, प्रत्येक चकतीच्या जाडीला आकडा दे. एकच आकडा नको, पल्ला दे. इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि त्यातही उत्तम इतका.

आकड्यांचं महत्त्व किती ते पुण्याच्या बजाज ऑटोच्या पेटंटवरून समजून घे. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. अर्ज २००२ सालचा, मंजुरी २००५ ची. दोन प्लगची इंजिनं जगात आधीपासून होती. तरी त्या पेटंटचा दावा उभा राहिला तो लहान सिलिंडरवर, ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनावर. नुसतं 'दोन प्लग' असं लिहिलं असतं तर तो पहिल्याच दिवशी पडला असता. पुढं टीव्हीएसशी त्यावरून मोठा वाद झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी २००८ मध्ये बजाजच्या बाजूनं मनाई दिली, खंडपीठानं २००९ मध्ये ती उठवली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं असे खटले रेंगाळू देऊ नका म्हणून बजावलं. एवढ्या मोठ्या लढाईत दोन्ही बाजूंचे वकील शेवटी क्लेमच्या त्या चार-पाच ओळींवरच बोट ठेवून बोलत होते. म्हणून सांगतो, क्लेम लिहिताना घाई नको.

आता कल्पकतेच्या पायरीबद्दल. कायदा विचारतो, त्या कामात मुरलेल्या माणसाला हे सहज सुचलं असतं का? तो माणूस म्हणजे कुणी शास्त्रज्ञ नव्हे. दाजींसारखा मिस्त्री समज, ज्याचे हात चांगले आहेत आणि ज्यानं जुने सगळे कागद वाचलेत. डी १ आणि डी २ त्याच्या हातात दिले तर तो तुझ्या व्हॉल्व्हपाशी पोचेल का?

याच्या उत्तरासाठी मी काल रात्री डी १ पुन्हा वाचला, आणि तिथं तुझं उत्तर सापडलं. त्यांनी बाहीमागची पोकळी मुद्दाम रुंद वाटेनं जोडली आहे, आणि कारणही दिलंय, की प्रत्येक धक्क्याला बाहीनं ताबडतोब सरकावं. म्हणजे डी १ वाचणारा मिस्त्री वाट अजून रुंद करेल. अरुंद करायचं त्याच्या मनात येणार नाही, कारण अरुंद केलं की डी १ ज्यासाठी बनवला तेच काम बंद पडतं. तू त्याच्या उलट दिशेनं गेलीस. डी २ मधली खाच तर नळीच्या भिंतीत आहे, दट्ट्या कुठं आहे त्यावर ती चालते, दाबाशी तिचा संबंध नाही. ती काढून डी १ च्या बाहीवर बसवायला मिस्त्रीला काय कारण? असं कारणच नाही, एवढंच तुला दाखवायचंय. डी १ मधलं ते वाक्य परिच्छेदाच्या आकड्यासकट उत्तरात दे. परीक्षकाशी वाद घालायचा तर त्यानंच काढलेल्या कागदातून घालावा.

आणि एक नम्रपणे लिही. तुझा अर्ज वाचून झाल्यावर मागं वळून पाहिलं तर सगळंच सोपं दिसतं. बघायचं असतं ते अर्ज दाखल व्हायच्या आदल्या दिवसाच्या नजरेनं.

सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७८ चा एक निकाल या विषयात सगळे सांगतात, तो मला फार आवडतो, कारण तो आपल्यासारख्या लेथवरच्या लोकांचा आहे. उत्तर प्रदेशात भांडी घडवणाऱ्यांमधला वाद. भांडं लेथवर फिरवताना उडून अंगावर यायचं, म्हणून समोरच्या बाजूनं दाब देऊन ते धरायची सोय केली, आणि १९५१ साली तिचं पेटंट घेतलं. काम खरंच सुरक्षित झालं, वेगही वाढला. तरी न्यायालय म्हणालं, लेथला समोरून आधार देणं ही जुनीच गोष्ट, ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा झाली, शोध नव्हे. पेटंट गेलं. उपयोग झाला म्हणून शोध ठरत नाही. तू उत्तरात 'दूधवाल्यांना फायदा होतो' एवढ्यावर थांबलीस तर हाच निकाल तुझ्यापुढं ठेवतील. फायदा कुठल्या नव्या यंत्रणेमुळं होतो ते सांग. आपल्या कायद्यात कल्पकतेची पायरी म्हणजे तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि शिवाय ते मिस्त्रीला उघड नसलेलं. शेवटची अट कुणालाच चुकत नाही.

कलम ३, पोटकलम एफ ची हरकत पाहून तू घाबरलीस. तिचं म्हणणं असं, की माहितीतल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनं काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नव्हे. तुझ्या व्हॉल्व्हला हे लागू होत नाही, पण ते तू दाखवायला हवं. भोक नसेल तर तिरकी खाच प्रत्येक खड्ड्याला वरखाली होऊन निकामी होते. खाच नसेल तर भोकातून हळू सरकणारी बाही एका जागी अचानक वाट बंद करते आणि चालवणाऱ्याला झटका बसतो. एकाला दुसरं लागतं. हे दोन वाक्यांत लिही आणि खाली टेस्ट बेंचचा आलेख जोड. तीन रेघा पुरे. नुसती खाच, नुसतं भोक, आणि दोन्ही मिळून. आलेखाच्या आडव्या अक्षावर दट्ट्याचा वेग, उभ्या अक्षावर बल. हा पुरावा प्रतिज्ञापत्रासोबत देता येतो. मात्र लक्षात ठेव, नंतर केलेल्या चाचणीनं आधी लिहिलेल्या गोष्टीला दुजोरा मिळतो, न लिहिलेली गोष्ट तिनं आत येत नाही.

उत्तर लिहायची माझी रीत सांगतो. एक तक्ता कर, तीन रकान्यांचा. डावीकडे दुरुस्त केलेल्या क्लेमचे तुकडे, एकेका ओळीत एकेक. मधे डी १ मध्ये तो आहे की नाही, असेल तर कुठल्या आकृतीत कुठला आकडा. उजवीकडे डी २. जिथं आहे तिथं प्रामाणिकपणे 'आहे' लिही. नावीन्य घालवायचं तर सगळे तुकडे एकाच कागदात सापडावे लागतात, त्यामुळे प्रत्येक कागदाच्या रकान्यात एक जरी 'नाही' आलं तरी नावीन्याची हरकत टिकत नाही. नऊ ठिकाणी 'आहे' मान्य करणाऱ्याच्या दहाव्या 'नाही'वर विश्वास बसतो. मग हरकत क्रमांक एकपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकीला त्याच क्रमानं उत्तर. क्षुल्लक वाटली तरी सोडायची नाही. परदेशात अर्ज केला नसेल तर 'केलेला नाही' हेही नमुना ३ वर लेखी द्यावं लागतं. संदर्भचिन्हं क्लेममध्ये कंसात घातलीस का, सारांश नीट आहे का, आकृत्यांवर सही आहे का, या गोष्टींवर अर्धा दिवस जाईल, तो जाऊ दे.

शोध घ्यायची सवयही लाव. तू अर्जाआधी शब्द टाकून शोधलंस म्हणून डी १ तुला दिसला नाही, कारण त्यांनी बाहीला बाही म्हटलंच नव्हतं. पेटंटचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण असतं, शब्द बदलले तरी वर्ग बदलत नाही. शॉकअपच्या व्हॉल्व्हची रचना एफ १६ एफ ९/३४ या घरात येते, चकत्यांचे व्हॉल्व्ह ९/३४८ मध्ये, वजनाला किंवा दाबाला प्रतिसाद देऊन आपोआप बदलणारे ९/५१२ मध्ये. युरोपीय कार्यालयाचं एस्पासनेट आणि आपल्या कार्यालयाचं शोधपान, दोन्ही फुकट आहेत. रोज रात्री वीस आकृत्या बघ. महिन्याभरात तुला या विषयाचं सगळं गाव ओळखीचं होईल.

तू विचारलंस, रस्त्यावर गाडी चालवून बघितली, लोकांनी पाहिली, त्यानं नावीन्य गेलं का? अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, फक्त वाजवी चाचणीसाठी आणि उघड्यावर केल्याशिवाय भागणार नव्हतं म्हणून केलेला वापर ३२व्या कलमानं माफ आहे. शॉकअपची चाचणी रस्ता सोडून कुठं करणार? पण त्या फेऱ्यांची वही जपून ठेव, तारीख, गाडी, किती किलो, कोण चालवत होतं. आणि पुढच्या वेळी अर्जाआधी एकही शॉकअप विकू नको, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ टाकू नको, प्रदर्शनात ठेवू नको. थांबवत नसेल तर हंगामी वर्णनाचा अर्ज टाक, त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण वर्णन द्यायचं. हंगामी म्हणजे अर्धवट असं मात्र समजू नको. त्या उताराची आठवण ठेव.

तुझ्या शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं तुला सांगितलं की डिझाइन नोंदव, स्वस्तात होतं. ते वेगळं आहे. डिझाइनच्या कायद्यात डोळ्यांना दिसणारं रूप येतं, आतलं काम येत नाही. तुझा व्हॉल्व्ह नळीच्या पोटात आहे, त्याचं रूप कुणी बघत नाही. आणि आपल्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला मिळालेलं भौगोलिक मानांकन तिसरंच. तो हक्क या मातीत घेवडा पिकवणाऱ्या साऱ्यांचा मिळून आहे. पेटंट तुझं एकटीचं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं, आणि त्यानंतर सगळ्यांचं.

खर्चाचं म्हणशील तर एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि तपासणीच्या मागणीला ४,००० रुपये सरकारी फी आहे, मोठ्या कंपनीला हेच ८,००० आणि २०,००० पडतं. ३० पानं आणि १० क्लेम यांच्यापुढं जादा आकार. आता तपासणीची मागणी अग्रक्रमाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत करावी लागते, २०२४ च्या बदलाआधी ४८ महिने होते. स्त्री अर्जदाराला जलद तपासणी मागता येते, नमुना १८ ए. पुढच्या अर्जाला तो मार्ग घे. पेटंट मिळेपर्यंत मालावर 'पेटंट मिळालेलं' असं छापू नको, त्याला कायद्यानं दंड आहे. 'पेटंटसाठी अर्ज केलेला' एवढं खरं आहे, तेवढंच छाप.

उत्तरानंतरही शंका राहिली तर सुनावणी लागेल. आमच्या वेळी पहाटेची गाडी पकडून लोअर परळच्या तोडी इस्टेटमधल्या कार्यालयात जावं लागायचं, नंतर अँटॉप हिलला. आता कोरेगावात बसून पडद्यावर होते. त्या दिवशी एजंटला बोलू दे, पण तू शेजारी बस आणि व्हॉल्व्ह उभा कापलेला समोर ठेव. सुनावणी घेणाऱ्या कंट्रोलर साहेबांनी विचारलं की भोक का, तर एजंटनं नव्हे, तू सांग. सुनावणी झाल्यावर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस मिळतात. तिथं बोललेलं सगळं त्यात आलं पाहिजे, कारण निर्णय लिहिताना साहेबांपुढं तोच कागद असेल.

आणखी एक कर. उत्तराचा मसुदा झाला की मराठीत दाजींना वाचून दाखव. चाळीस वर्षं त्यांनी शॉकअप उघडलेत. जिथं ते 'थांब, इथून तेल कसं जाईल?' म्हणतील तिथं पेन्सिलीनं खूण कर, ते वाक्य परीक्षकालाही कळणार नाही. रविवारी सकाळी इकडं ये. चाचणीची वही आण, डी १ आणि डी २ च्या आकृत्या आण, निळी पेन्सिल माझ्याकडं आहे.